त्रेचाळीस काकांची जिलेबी

"बाई, हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा," मुजावर सर म्हणाले आणि त्यांनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

मी वाचलं. "वन्स अपॉन अ ब्लू मून माय अंकल ब्रिंग्ज जिलेबी."

"आता हे वाचा."

दुसऱ्या उत्तरपत्रिकेतही काका कधी नव्हे ते घरी आले होते आणि त्यांनी जिलेबीच आणली होती. तिसऱ्या उत्तरपत्रिकेत तेच, चौथ्या उत्तरपत्रिकेत तेच. पाचव्या उत्तरपत्रिकेतल्या मुलीनं जिलेबीच्या स्पेलिंगात एक एल जास्त घातला होता, म्हणजे तिच्या काकांनी थोडी जास्त आणली असावी.

"पंचेचाळीस उत्तरपत्रिका आहेत," सर म्हणाले. "दोन पोरांनी हा प्रश्न सोडलाय. राहिली त्रेचाळीस. त्रेचाळीस पोरांचे त्रेचाळीस काका, आणि सगळे जिलेबीच आणतात. एकालाही पेढे सुचू नयेत?"

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत, तेव्हा मी ते खोकल्यावर निभावून नेलं.

ही गोष्ट १९८६ सालच्या एप्रिलमधली. कराडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला चार वर्षं झाली होती, आणि दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासायचा मान पहिल्यांदाच मिळाला होता. आम्ही परीक्षक घरी बसून गठ्ठे तपासायचो आणि नियामकाकडे नेऊन द्यायचो. नियामक त्यातले काही पेपर पुन्हा बघून आमची तपासणी ठीक आहे की नाही ते ठरवायचा. माझे नियामक मुजावर सर. कराडात इंग्रजीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या तोंडून 'बरं आहे' एवढं ऐकलं तरी शिक्षक आठवडाभर ताठ मानेनं हिंडत.

"आणि तुम्ही सगळ्यांना दोनपैकी दोन दिलेत," सर म्हणाले.

"सर, एकसारखं आहे हे खरं. पाठ केलं असेल. पण अर्थ बरोबर आहे, वाक्य बरोबर आहे."

"वाक्य बरोबर आहे?" सरांनी चष्मा काढला.

"हो सर."

"फडतरे बाई, तुम्ही इंग्रजी घेऊनच बी.ए. झालात ना?"

मी मान हलवली. सर उठले, लोखंडी कपाटातून विटेएवढा जाड शब्दकोश काढला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं स्वच्छ छापलं होतं, 'वन्स इन अ ब्लू मून'. मी पुढची ओळ वाचली, मागची वाचली, पान उलटून पाहिलं. 'अपॉन' कुठंच नव्हतं.

मी स्वतः मॅट्रिकला हेच वाक्य लिहून आले होते. आणि चार वर्षं मी हेच वाक्य शिकवत होते, फळ्यावर, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं," सर म्हणाले. "चूक मात्र ज्याची त्याची असते. त्रेचाळीस जणांची एकच चूक म्हणजे कुणीतरी वर्गात उभं राहून सांगितलंय. आणि हे बघा." त्यांनी पान उलटलं. "इथं सगळ्यांनी 'इट इज हाय टाइम वुई वेन्ट होम' बरोबर लिहिलंय. कराडच्या पोरांना हे जमत नाही. तिथं हमखास 'गो' लिहितात. इतकं अवघड बरोबर आणि इतकं सोपं चूक? खेड्यातलं केंद्र दिसतंय. सांगणारा अर्धवट शिकलेला होता."

टेबलावर एक छापील फॉर्म होता. वर लिहिलं होतं, सामूहिक कॉपीचा अहवाल. सरांनी केंद्राचा क्रमांक आधीच भरला होता.

"पाच वाजता शिपाई येईल. हा फॉर्म गठ्ठ्याबरोबर जाईल. तुमची सही इथं."

त्या फॉर्मचा अर्थ मला ठाऊक होता. त्रेचाळीस मुलांचा निकाल राखून ठेवणार. मग चौकशी, मग मुलांना पालकांसकट पुण्याला बोलावणं. निकाल लागेपर्यंत अकरावीचे प्रवेश संपलेले. मुलं एक वर्ष शेतात राबतील आणि जमलं तर पुन्हा बसतील. मुलींचं तसं नव्हतं. एवढ्या निमित्ताचीच वाट पाहणारे बाप आमच्या गावात घरटी एक होते. माझाही होता. "पास झाली तर शिकवीन, नायतर दिवाळीनंतर उजवून टाकीन," असं तो चारचौघांत म्हणाला होता.

आमचं गाव म्हणायचं कारण, ते केंद्र माझ्याच गावचं होतं. मला ते दुसऱ्याच उत्तरपत्रिकेला कळलं होतं. ओळखीच्या शाळेचा गठ्ठा आला तर तो न उघडता परत करायचा असा बोर्डाचा नियम, आणि मी तो मोडला होता. पदर खोचून, चहाचा कप जवळ घेऊन, मी सगळेच्या सगळे पंचेचाळीस पेपर एका बैठकीत तपासले होते. इतक्या आनंदात मी आजवर दुसरं काही तपासलेलं नाही.

कारण ती वाक्यं कुंभार सरांची होती.

कुंभार सर माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. ते दर सोमवारी शाळेच्या भिंतीवर कावेनं एक इंग्रजी वाक्य लिहायचे. लाल, ढोबळ, लांबून दिसणारं. आठवडाभर ते वाक्य जाता-येता वाचायचं, शनिवारी सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं आणि सोमवारी सर भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवून नवं लिहायचे. गावात हापशावर पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा 'बाय हुक ऑर बाय क्रुक' म्हणून हापसा मारायच्या. 'इन स्पाइट ऑफ अ लेम लेग अवर गोट रीच्ड द हिलटॉप' या वाक्यातली शेळी सरांच्या घरचीच होती. आम्ही सगळी तिला ओळखत होतो.

मुजावर सरांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

"सर, ही कॉपी नाही," मी म्हणाले. "हे असंच शिकवलंय मुलांना."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे हे मी फॉर्मवर कसं लिहू? शिकवलंय याला काही पुरावा?"

पुरावा होता. माझ्या खोलीवर, कॉटखाली, पोत्यात भरून ठेवला होता. माझ्या नववीच्या वर्गाच्या चाळीस वह्या. तोंडी परीक्षेचे गुण द्यायला म्हणून मी त्या गोळा केल्या होत्या.

"मला एक तास द्या," मी म्हणाले.

"पाचाच्या आत या," सर म्हणाले आणि फॉर्मवर पेपरवेट ठेवलं.

मुजावर सरांच्या घरापासून माझी खोली पंधरा मिनिटांवर होती. ऊन मी म्हणत होतं. चालताना मला हळूहळू कळायला लागलं की मी काय आणायला निघाले आहे. त्या वह्या टेबलावर ठेवल्या की मुलं सुटतील आणि मी अडकेन. चार वर्षं ही बाई पोरांना चुकीचं इंग्रजी शिकवते, तेही मन लावून, हे कराडच्या शेवटच्या शब्दाला कळेल. मुजावर सर आणि आमचे हेडमास्तर रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बरोबर फिरायला जात. जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती.

खोटं कशाला बोलू, खोलीचं कुलूप उघडून मी पाच मिनिटं कॉटवर नुसती बसले. वह्या सापडल्या नाहीत असं सांगता आलं असतं. मुलांनी परत नेल्या म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग डोळ्यांपुढे कुणाची तरी अक्षरं आली. निळ्या शाईचं तिरकं वळण होतं, जिलेबीत एल जास्त घालणारीचं. तिचं नाव मला माहीत नव्हतं. तिनं पेपरच्या शेवटी, कुणी विचारलं नसताना, छोटंसं फूल काढलं होतं. मी वाकून पोतं बाहेर ओढलं आणि रिक्षाला हात केला.

मुजावर सरांनी पहिली वही उघडली. दुसरी उघडली. माझ्या वर्गातले काकाही जिलेबीच आणत होते, आणि प्रत्येक जिलेबीपुढे माझ्या लाल पेनाची बरोबरची खूण होती. काही ठिकाणी 'छान' असंही लिहिलं होतं. सरांनी दहा-बारा वह्या पाहिल्या आणि थांबले.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"हो सर."

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुंभार सरांनी. सर, हा गठ्ठा त्यांच्या शाळेचा आहे. माझ्या शाळेचा. दुसऱ्या पेपरलाच कळलं होतं मला."

"आणि तरी ठेवून घेतलात?"

"हो."

"का? नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. सर, मॅट्रिक होऊन मला दहा वर्षं झाली. पेपर उघडला आणि त्यांचा आवाज ऐकू आला. परत करवेना."

एवढं बोलून मी वह्यांची चळत नीट करायला लागले. आतून सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात धरून दारातच उभ्या होत्या.

"पण 'अपॉन' कुठून आणलं त्यांनी?" सरांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात नियामक जरा कमी होता.

"ते प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचे. पाठ करा असं नुसतं कधीच म्हणाले नाहीत. 'वन्स अपॉन अ टाइम' आम्हाला गोष्टीतून माहीत होतं. ते म्हणाले, नवरीमागं करवली असायचीच, तसं वन्सच्या मागं अपॉन."

मुजावर सर पहिल्यांदा हसले. "कारण झकास आहे. फक्त खोटं आहे. 'वर्षातून एकदा' म्हणताना आपण 'तून' म्हणतो की नाही? वर्षातून, महिन्यातून, तसं निळ्या चंद्रातून एकदा. तो 'इन' म्हणजे आपला 'तून'. ही करवली दुसऱ्याच लग्नातली."

मला ते इतकं चटकन पटलं की मी तिथल्या तिथं एका वहीच्या मागे लिहून घेतलं.

"आणि ते 'हाय टाइम वुई वेन्ट'?" सर म्हणाले. "जायचं आहे अजून, आणि वाक्यात भूतकाळ. मी तीस वर्षं शिकवतो. पोरं विचारतात, सर, असं का? मी सांगतो, पुस्तकात आहे म्हणून. तुमच्या सरांनी याचंही कारण सांगितलं असेल?"

"हो. ते म्हणायचे, आई जेवायला हाक मारते. तुम्ही काय म्हणता? 'आलो, आलो.' आलात का? नाही. अजून गोट्याच खेळताय. पण एव्हाना यायला हवं होतं हे तुम्हालाही ठाऊक असतं, म्हणून तोंडातून 'येतो' न निघता 'आलो' निघतं. इंग्रजांचं 'वेन्ट' तसलंच आहे."

सरांच्या पत्नींनी ट्रे खाली ठेवला. "या घरात हे रोजचं आहे," त्या म्हणाल्या. "ताट वाढलं म्हणावं, की आतून 'आलो'. आणि पेपर काही हातातून सुटत नाही."

"आणखी?" सर म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

मी सांगत गेले. 'कॅट्स अँड डॉग्ज' उलटं का म्हणायचं नाही? तर आपण कपबशी म्हणतो, बशीकप म्हणत नाही. मीठभाकर म्हणतो, भाकरमीठ म्हटलं तर आजी वेड्यात काढेल. व्याकरण दोन्हीकडे सारखंच, पण एक घरात नांदलेलं असतं आणि दुसरं नसतं. भूक लागली की पोटात कावळेच ओरडतात, तिथं चिमण्या घालायचा अधिकार कुणाला नाही. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मुजावर सरांनी मधेच एकदा खिशातली छोटी डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. काय ते मी विचारलं नाही, पण माझी मान आपोआप ताठ झाली.

साडेचारला सरांनी तो छापील फॉर्म पेपरवेटखालून काढला, आडवा फाडला आणि म्हणाले, "आता नियमाप्रमाणे. प्रत्येकाचा एक गुण कापा. अर्थ बरोबर, रचना चूक. त्रेचाळीस बेरजा दुरुस्त करा, प्रत्येक ठिकाणी सही करा."

"हो सर."

"ओळखीचा गठ्ठा ठेवून घेतलात ते मी लिहिणार. या गठ्ठ्यातली बाकीची उत्तरं दुसरं कुणीतरी पुन्हा बघेल. परीक्षकांच्या यादीत काही वर्षं तुमचं नाव येणार नाही."

"हो सर."

"वह्यांचं मी हेडमास्तरांना सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही पोरांना सांगायचं."

मी सांगितलं. वह्या परत देताना फळ्यावर 'अपॉन' लिहिलं, त्यावर काट मारली आणि चार वर्षांच्या चुकीचं माप पदरात घेतलं. मग मागून एकानं विचारलं, "बाई, मग काका?" मी म्हणाले, "काका राहू देत. काकांची काही चूक नाही."

ते सोपं गेलं. अवघड ते पुढेच होतं.

निकाल जूनमध्ये लागला. आमच्या गावची सगळी मुलं इंग्रजीत पास झाली होती. शाळा उघडल्यावर पहिल्याच रविवारी मी एसटीनं गावी गेले. आईला वाटलं, तिला भेटायला आले. मी पिशवी ठेवली आणि तशीच शाळेकडे गेले.

कुंभार सर स्टुलावर चढून भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत होते. सोमवारच्या वाक्याची तयारी. ते किती वाळले होते ते पाठमोरे असतानाच दिसलं.

"कोण, इंदू? ये, ये. बातमी कळली का? पंचेचाळीसच्या पंचेचाळीस! पवारांची मंगल अकरावीला निघाली, फलटणला. बाप म्हणत होता काढतो म्हणून. मी म्हटलं, काढून तर बघ!"

त्यांच्या तोंडावरचा तो आनंद पाहिला आणि सांगू नये असं मला मनापासून वाटलं. दोन वर्षांत ते निवृत्त व्हायचे होते. कशाला सांगायचं? भिंतीवर अपॉन राहिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पोरं बसणार होती. तो गठ्ठा कुणाच्या हाती पडेल हे मला माहीत नव्हतं, आणि त्याच्या कॉटखाली चाळीस वह्या असतीलच असं नव्हतं.

मी वाकून पाया पडले आणि उठता उठता सगळं सांगून टाकलं. जिलेबी, फॉर्म, वह्या, शब्दकोश, सगळं. सर स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. हाताला लागलेली माती ते अंगठ्यानं काढत राहिले.

"अपॉन न्हवं?"

"नाही सर. इन. वर्षातून एकदा म्हणतो, त्यातलं 'तून'."

"तून," ते पुटपुटले. "हां. तून. असंच पायजे ते." मग वर बघून म्हणाले, "किती कापले पोरांचे?"

"एकेक."

"बरोबर केलं त्यांनी."

मी मनात म्हणत होते, झालं, तुटलं हे माणूस. काय गरज होती मला?

"तुला कधी कळलं हे?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी सर. त्यांनी दाखवलं तेव्हा."

"त्याच्या आधी?"

"नाही."

"कॉलेजात गेलीस. बी.ए. झालीस. कराडला डिक्शनरी असंल की मोठी?"

"आहे सर. आमच्या शाळेतही आहे."

"चार वर्षं शिकवलंस म्हणतेस. एकदाबी उघडून बघावं वाटलं नाही?"

"तुम्ही सांगितलं होतं सर," मी म्हणाले. मला वाटलं, यातून त्यांना सगळं कळेल. माझं प्रेम, श्रद्धा, सगळं.

कुंभार सर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले ते तेव्हा.

"मी सांगितलं म्हणून? अगं, मी इथं एकटा हाय. अठ्ठावीस वर्षं. हेडमास्तर गणिताचे. साहेब तपासणीला येतो, भिंत बघतो, वा वा म्हणतो, जेवून जातो. माझ्याकडं एक फाटकी डिक्शनरी, तिच्यात एन पास्नं पुढं काय न्हाय. कळंल तेवढं जोडत गेलो. पोरं कारण मागतात, कारण सापडलं नाय की मी लावायचो. चुकत असणारच की! मला सांगणार कोण? मला वाटायचं, एखादं पोरगं शिकंल, भाईर जाईल, परत येऊन म्हणंल, सर, तुमचं हे चुकलं. दर उन्हाळ्याला वाट बघतो मी. तुम्ही येता, पाया पडता आणि जाता."

मी उभी होते तिथंच रडले. इतकी वर्षं मी सरांवर जीव टाकला होता आणि त्यांना एकटं सोडलं होतं, हे दोन्ही खरं होतं.

"रडू नको," ते म्हणाले. राग त्यांच्यात टिकत नसे. "एवढं पोतं उचलून न्हेलंस माझ्या पोरांपायी. दुसरी असती तर सही करून मोकळी झाली असती. थांब इथं."

ते वर्गात गेले आणि पुठ्ठा बांधलेली जाड वही घेऊन आले. भिंतीवर चढलेलं प्रत्येक वाक्य तिच्यात होतं, नंबर घालून. दोनशे अकरा, संपली की पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी दहावीची मुलं याच वहीवरून उतरवून घ्यायची. त्यांनी ती माझ्या हातात दिली, माझ्याच पर्समधलं लाल पेन मागून घेऊन तेही माझ्या हातात दिलं, आणि स्वतः पायरीवर बसून बाजूची जागा हातानं झाडली.

मी वाचत गेले. पहिली आठ उत्तम होती. नवव्याला थांबले. 'आय प्रिफर मिल्क दॅन टी.' मला उत्तर माहीत होतं, आणि तरी जीभ उचलेना.

"चुकलंय?" सरांनी विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात एखादं पोर पहिल्यांदा हात वर करायचं तेव्हा त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"हो सर. दॅन नाही. टू."

"का? तुलना हाय की. तुलनेला दॅन."

"प्रिफर म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पुढे बसवणं, सर. चहाच्या पुढे दूध. त्यात 'पेक्षा' नाहीच. 'पुढे' आहे."

"पुढं," सर म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, हातानं एक कप दुसऱ्याच्या पुढे ठेवल्यासारखं केलं, आणि मांडीवर थाप मारली. "पुढं! असं पायजे. मार काट."

मी 'दॅन'वर पेन टेकवलं. माझ्या सरांच्या अक्षरावर. कशीबशी एक बारीक रेघ ओढली.

"जोरात मार की," सर म्हणाले. "पुसट रेघ पोरांना दिसत नाही."